हिरवा दिवा आणि पुढची चाकं : जुन्या डिझेल फोर-बाय-फोरचे चौदा महिने

गेल्या आठवड्यात डॅशबोर्डवरचा फोर-व्हीलचा हिरवा दिवा गेला. वायरिंगवाला म्हणाला, बल्ब नाहीतर स्विच, दोनशे-अडीचशेत होऊन जाईल. मी म्हटलं, राहू दे. त्याला वाटलं मी चिकट आहे. आहेच, पण कारण ते नव्हे. या दिव्याने मला सुरुवातीचे अडीच महिने असं काही फसवलंय की त्याच्यावर आता एक रुपया घालायची इच्छा नाही.

गाडी २०१४ ची, अडीच लिटर टर्बो डिझेल, लिव्हरवाली पार्ट-टाइम फोर-व्हील, म्हणजे एरवी मागचीच चाकं ओढतात, लिव्हर ओढली की पुढचीही. मी घेतली मे २०२४ मध्ये, १ लाख १२ हजार किलोमीटरला. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण जे बिघडलं ते आधीच्या मालकाच्या हातचं होतं आणि त्या पिढीच्या कुठल्याही जुन्या फोर-बाय-फोरमध्ये सापडू शकतं.

माझं वर्कशॉप बेळगावच्या उद्यमबागेत, दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन. शेती जांबोटीच्या पुढे, भात आणि थोडे काजू. डांबरी सोडल्यावर शेतापर्यंत पाऊण किलोमीटर वाट आहे, म्हणजे मे महिन्यात आहे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे नुसता लाल रेंदा असतो. आधीची व्हॅन फाट्यावर लावून खताची पोती डोक्यावरून न्यायचो. गुडघ्यांनी पन्नाशीत राजीनामा दिला, तेव्हा गाडी बघायला लागलो.

नवीन का नाही? एक तर पैसे. दुसरं, एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलला काजळी धरणारा फिल्टर असतो. त्याला ती काजळी जाळायला मधूनमधून लांबची, सलग धाव लागते. माझी रोजची धाव टिळकवाडी ते उद्यमबाग, शहरातल्या शहरात. त्यात काय जळणार? जुन्या बीएस-३, बीएस-४ डिझेलला ही भानगड नाही, म्हणून जुनीच बघायची ठरलं.

एक दिल्ली पासिंगची गाडी फार स्वस्तात येत होती. दिल्ली परिसरात तेव्हा दहा वर्षांवरच्या डिझेलला बंदीची टांगती तलवार, म्हणून त्या गाड्या खाली आपल्याकडे यायच्या. आपल्याकडे तो दहा वर्षांचा नियम नाही; नोंदणी पंधरा वर्षांची, मग फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, ज्याची फी एप्रिल २०२२ मध्ये ५ हजार झाली. पण त्या गाडीच्या चॅसिसखाली हात घातला तर गंजाचे पापुद्रे हाताला आले. सोडून दिली.

शेवटी कोल्हापूरजवळच्या एका गावातली, एमएच-०९ पासिंगची गाडी ४ लाख ८५ हजारांत ठरली. मालक ऊसवाले, बोलायला गोड. इंजिन मी नीट बघितलं: थंड असताना सुरू करून बघितलं, चालू इंजिनवर ऑईलचं झाकण उघडून धूर किती फेकतंय ते बघितलं, टर्बोची शिट्टी ऐकली. मग फोर-व्हीलची परीक्षा. लिव्हर ओढली, दिवा लागला. हिरवागार. फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकं जोडून नेहमीच्या वेगाने, गावातून एक चक्कर मारली, देवळापाशी पूर्ण स्टेअरिंग तोडून वळवली. गाडी इतकी हलकी वळली की मीच मालकांना म्हटलं, वा, काय ठेवलीय गाडी!

ज्यांना कळतं ते इथेच हसले असतील. ज्या गाडीला पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नाही, ती फोर-एचमध्ये कोरड्या डांबरावर तोडून वळवली की आखडते, कुणी मागून धरून ठेवल्यासारखी. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर जातात, आणि पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेले असतात. म्हणून तर डांबरावर फोर-एच घालू नये म्हणतात. माझी गाडी लोण्यासारखी वळली आणि मी खूश. लेथवर तीस वर्षं घालवलेला माणूस!

कागदांचं थोडक्यात सांगतो. दुसऱ्या राज्यातून आणायची म्हणजे फॉर्म २८ ची एनओसी हवी, कर्जाचा बोजा उतरलेला हवा, आणि वय व मूळ किंमत धरून कर्नाटकाचा आजीवन कर. पाच आकडी रक्कम असते, गाडीच्या भावातच धरून चला. तिकडच्या उरलेल्या वर्षांचा कर मूळ आरटीओकडे अर्ज करून परत मागता येतो. माझा अर्ज लिहून कपाटात पडलाय. बाबांचं मात्र सगळं वेगळंच. "एमएच राहू दे की. दारात बरी दिसते." सीमाभागातल्या ऐंशीच्या माणसाला त्या दोन अक्षरांत काय दिसतं ते इथल्यांना सांगायला नको. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवली तर नंबर बदलावाच लागतो, कलम ४७, असं समजावलं. केए-२२ ची पाटी बसली त्या दिवशी जुनी पाटी त्यांनी उचलून माळ्यावर ठेवली. अजून तिथंच आहे.

आता जुलै २०२४. रोपलावणीचे दिवस, मागे युरियाची सहा पोती. वाटेच्या तोंडाशी थांबलो, ऐटीत लिव्हर ओढली, दिवा लागला. शंभर पावलांवर ओहोळाच्या उतारात गाडी बसली. फोर-एल, म्हणजे चारही चाकं संथ पण जास्त जोराने, तो घातला, दिवा आहेच. मागची चाकं चिखलाचे फवारे मारतायत, गाडी इंचभर हलत नाही, आणि डॅशबोर्डवर तो दिवा शांतपणे जळतोय. मी टायरना शिव्या घातल्या, मग चिखलाला, मग युरियाला.

शेजारच्या शेतातले काका बांधावर बसून तंबाखू मळत बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझी फुडची चाकं काय देवदर्शनाला आलीत? फिरीनात बघ."

खाली उतरून बघितलं. मुलाला गिअर टाकायला लावलं. मागची दोन्ही गरागरा, पुढची दोन्ही ढिम्म. ४ लाख ८५ हजारांची फोर-बाय-फोर काकांच्या बैलजोडीने बाहेर काढली. बैलांना पेंड द्यायला लागली, तो खर्च वहीत आहे.

बेळगावातल्या एका गॅरेजने बघून, म्हणजे खरं तर न बघता, सांगितलं की ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी, गेली, साठ-सत्तर हजार धरा. मी रात्रभर झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी ऑटोनगरकडच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीकडे नेली. त्यांनी मला फोर-एच घालून गाडी दहा फूट पुढे घ्यायला लावली, मागच्या चाकांना दगड लावले, गाडी गिअरमध्येच ठेवून बंद केली आणि पुढचं एकच चाक जॅकवर उचललं. "फिरवा हातानं." फिरवलं. सायकलच्या चाकासारखं फिरलं. "फिराय नको होतं," म्हणाले, आणि हब उघडायला पाना घेतला.

हब म्हणजे पुढच्या चाकाच्या मधोमध दिसतो तो डबा. टू-एचमध्ये, म्हणजे नुसती मागची चाकं ओढत असताना, चाक आतल्या शाफ्टपासून सुटं ठेवायचं आणि फोर-व्हीलमध्ये जोडायचं, एवढंच त्याचं काम. माझ्या गाडीला ऑटो हब, लिव्हर टाकून गाडी हलली की आपोआप लागणारे. सहा बोल्ट काढले, टोपण निघालं. आत जुनं काळं ग्रीस आणि रिकामी जागा. दात असलेली रिंग नाही, स्प्रिंग नाही, काही नाही. दुसऱ्या बाजूलाही तसंच. रिकाम्या डब्यांवर टोपणं घट्ट बसवलेली, वर गॅस्केटसुद्धा नवीन!

मालकांना फोन लावला. जराही लाजले नाहीत. "आवाज येत होता म्हणून मेस्त्रीनं आतलं काढून टाकलं. आमच्याकडं ऊस, फोर-व्हील कशाला लागतंय? तुम्ही इचारलं असतं तर सांगितलं असतं की." खरं सांगायचं तर ते सांगितलंही असतं त्यांनी. मी विचारलंच नव्हतं. मी दिवा बघितला होता.

आणि दिव्याचं काय? त्याचा स्विच असतो ट्रान्स्फर केसवर. आतला फोर्क सरकला की स्विच दाबला जातो, दिवा लागतो. शाफ्ट फिरतोय, हब लागलाय, चाक ओढतंय, यातलं काहीही त्याला कळत नाही. पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून घरी ठेवला तरी तो लागेल. म्हणजे लिव्हर हलली एवढंच तो सांगतो, आणि ते मला माहीतच असतं, हलवली मीच ना! हा दिवा कुणी कशासाठी बसवला यावर मी घरात इतकं बोललोय की मुलगी मला "हिरवा दिवा" म्हणूनच हाक मारते.

इलाज म्हणून मेस्त्रींनी हाताने फिरवायचे हब सुचवले. जोडी १३ हजार ८००, गॅस्केट मी वर्कशॉपमध्ये कापले, मजुरी १२०० आणि चहा. साठ-सत्तर हजारांच्या मानाने स्वर्ग. पण ऑगस्टमध्ये मी जे लिहून ठेवलं होतं ते असं: "जुनी फोर-बाय-फोर घेऊ नका. लिव्हर ओढायच्या आधी भर पावसात खाली उतरून, चाकापाशी उकिडवं बसून, अंगठ्याने चिखल पुसून बाण शोधायचा आणि बटण फ्रीवरून लॉकवर फिरवायचं. मग पलीकडे जाऊन परत तेच. एकच लावून चालत नाही. पुढचा डिफरन्शियल सगळा जोर सुट्या बाजूला देऊन मोकळा होतो. पन्नाशीच्या माणसाचं हे काम नव्हे."

आज ते वाचून ओशाळायला होतं. पुढच्याच फेरीत मेस्त्रींनी सांगितलं, "पावसाळाभर लॉकच ठेवा की, उतरता कशाला?" हब लॉक असताना लिव्हर टू-एचमध्ये असेल तर पुढचे शाफ्ट चाकांबरोबर नुसते फिरत राहतात. आखडत नाही, डांबरावर काही बिघडत नाही. थोडी घरघर वाढते आणि माझ्या वहीप्रमाणे लिटरला अर्धा किलोमीटर कमी मिळतो. तेव्हापासून मिरगाला लॉक, दिवाळीला फ्री. वर्षातून दोनदा उकिडवं बसायला माझी हरकत नाही.

आणि मग गाडी कळायला लागली. गेल्या सप्टेंबरात त्याच ओहोळाच्या उतारावर फोर-एल, पहिला गिअर, पाय दोन्ही पेडलांवरून काढून घेतले. डिझेल इंजिन आयडलवरच, पाऊल टाकत टाकत खाली उतरलं आणि पलीकडचा चढ तसंच चढलं, ॲक्सिलरेटरला न शिवता. ब्रेक लावला असता तर घसरलो असतो. मी परत मागे जाऊन पुन्हा एकदा उतरलो, उगाचच. डिझेल जळलं, वहीत लिहिलं नाही.

बाकी किरकोळ. एव्हरेज ११ ते १२, चोर्ल्यातून गोव्याला जाताना १० च धरा. हायवेवर नव्वदच्या वर गेलं की शेजारच्याशी ओरडून बोलायला लागतं. खडबडीत मड टायर दिसायला झकास, पण आवाज आणि किंमत बघून ऑल-टेरेनच घेतले, तेही चारही एकाच वेळी. पुढचे-मागचे झिजून लहान-मोठे झाले की फोर-व्हीलमध्ये शाफ्टवर नसता ताण येतो. ओहोळातून काढल्यावर डिफरन्शियलचं ऑईल बघत जा. दुधाळ दिसलं की आत पाणी गेलं. डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी महिन्याला काढतो. दिव्याऐवजी आता जॅकवर विश्वास आहे: दर मे अखेरीला दोन्ही पुढची चाकं एकेक करून उचलतो आणि फिरवून बघतो. बाबा पायरीवर बसून विचारतात, "फिरालं काय?" नाही म्हटलं की आत जातात.

चौदा महिन्यांत गाडीची किंमत आणि कर सोडून, टायर धरून ६१ हजार लागले. पैकी १५ हजार दिव्याच्या नावे लिहिलेत.

एक राहिलं. डाव्या दाराच्या वरून पाणी गळतं, थेट शेजारी बसणाऱ्याच्या डाव्या गुडघ्यावर. बायको मांडीवर युरियाची रिकामी पिशवी पसरून बसते आणि जांबोटीपर्यंत एक शब्द बोलत नाही. दाराच्या रबराला इथे १८०० सांगतायत, एका दाराला. उद्यमबागेत मीटरवर रबर कुणी देत असेल तर मापं माझ्याकडे काढून ठेवलेली आहेत.