स्त्री-आरोग्याचं १५ दिवसांचं इलेक्टिव्ह: कोल्हापुरातल्या एका पोस्टिंगची पारख

एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाचा पहिला भाग संपला की इलेक्टिव्ह, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः निवडायचं पोस्टिंग, लागतं. आताच्या नियमाप्रमाणे १५-१५ दिवसांचे दोन टप्पे. यातला एक टप्पा कोल्हापुरातल्या एका शिक्षण रुग्णालयात स्त्री-आरोग्यासाठी घेता येतो, आणि तो एकट्या स्त्रीरोग विभागाचा नाही. फिजिओथेरपी, आहार, मानसोपचार, शल्यचिकित्सा, भूल आणि नर्सिंग अशी सगळी मंडळी त्यात आहेत. विद्यार्थ्याने तो घ्यावा का? आमचं मत: घ्यावा. पण काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात.

या पोस्टिंगचा जीव सकाळच्या ओपीडीत आहे. एका विद्यार्थ्याला एकच बाई मिळते आणि ती जिथे जाईल तिथे त्याने तिच्यासोबत जायचं. साडेबाराला सगळे विभाग एका टेबलाशी बसतात आणि त्या बाईसाठी एकच कागद तयार होतो. ऐकायला साधं वाटतं, पण बहुतेक ठिकाणी 'आंतरविभागीय' म्हणजे पाच विभागांची पाच लेक्चरं असतात. इथे बाई एक आणि तिला पाहणारे पाच, म्हणून काय सुटतं ते मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याकडून आणि तोडणीच्या हंगामात उसाच्या फडावरून येणाऱ्या बायकांमध्ये 'अंग बाहेर येतंय, पिशवी काढून टाका' ही तक्रार नेहमीची. स्त्रीरोगाच्या टेबलावर प्रोलॅप्सची, म्हणजे अंग किती खाली सरकलंय त्याची, पायरी ठरते. फिजिओच्या टेबलावर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची ताकद ऑक्सफर्ड मापाने, म्हणजे ० ते ५ मध्ये, मोजली जाते. चुलीच्या धुराचा जुना खोकला, बद्धकोष्ठ आणि डोक्यावरची मोळी हे तिघेही पोटातला दाब वाढवतात, हे चौकशीत निघतं. हिमोग्लोबिन बघितलं की बऱ्याचदा ऑपरेशन आज करण्यासारखं नसतंच. नुसती पिशवी काढली आणि वरचा आधार नीट बांधला नाही, तर पुढे योनीचा घुमट, म्हणजे तिचं वरचं टोक, खाली येतो, कारण खोकला आणि ओझं तसंच राहिलेलं असतं. हे सगळं एकाच सकाळी एकाच बाईत पाहिलेला विद्यार्थी 'पिशवी काढा' असं चटकन लिहिणार नाही.

रिंग पेसरी, म्हणजे खाली येणारं अंग आत धरून ठेवणारी कडी, बसवणं इथे नीट शिकवतात. माप बोटांनी घ्यायचं, रिंग दुमडून आत सोडायची, मग रिंग आणि योनीची भिंत यांच्यात एक बोट सहज फिरतंय का ते बघायचं. पुढची पायरी खरी महत्त्वाची: बाईला उठवायचं, चालायला, बसायला आणि खोकायला सांगायचं आणि लघवी झाल्याशिवाय घरी सोडायचं नाही. रिंग मोठी पडली तर लघवी अडते किंवा घासून जखम होते. लहान पडली तर गाव गाठायच्या आधीच निसटते. पाळी बंद झालेल्या बाईच्या योनीची त्वचा पातळ असते, तिला इस्ट्रोजेनची मलम लागेल का हा प्रश्न त्याच वेळी सोडवावा लागतो.

कौशल्यांच्या खोलीत सगळ्यात सरस स्टेशन (सरावाचं टेबल) मॅग्नेशियम सल्फेटचं, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून येणाऱ्या आकडीवरच्या औषधाचं. हे स्टेशन सिस्टर घेतात, आणि घ्यावंही त्यांनीच. ५० टक्क्यांच्या २ मिलीच्या एका अँप्यूलमध्ये १ ग्रॅम औषध असतं. शिरेतून द्यायच्या ४ ग्रॅमसाठी ४ अँप्यूल म्हणजे ८ मिली, त्यात १२ मिली सलाइन घालून २० मिली करायचं. झालं २० टक्क्यांचं द्रावण. ते सावकाश, किमान ५ मिनिटं लावून द्यायचं. मग दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, खोल स्नायूत, प्रत्येक सिरिंजमध्ये १ मिली २ टक्के लिग्नोकेन. शेवटी ट्रेमध्ये १४ रिकामी अँप्यूल मोजून दाखवायची. मुलांची चूक ठरलेली: शिरेतला डोस पातळ न करता सिरिंज उचलतात, किंवा सलाइन अंदाजाने ओढतात. पुढचे ५ ग्रॅम दर ४ तासांनी, पण त्याआधी गुडघ्याचा झटका येतोय, श्वास मिनिटाला किमान १६ आहेत आणि लघवी तासाला किमान ३० मिली होतेय, या तिन्ही गोष्टी तपासून. उताऱ्याचं कॅल्शियम ग्लुकोनेट, १० टक्क्यांचं १० मिली, त्याच ट्रेमध्ये ठेवल्याशिवाय सिस्टर सुरुवात करू देत नाहीत. ही शिस्त मुलांच्या हातात कायमची बसते.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचं स्टेशनही चांगलं, फक्त गर्दीने मार खातं. रंगीत पाणी खुणा असलेल्या पिशवीत, गॉजवर आणि चादरीवर ओतून 'किती गेलं?' विचारतात. अंदाज जवळजवळ नेहमी कमी येतो. ४५ सेंमीचा मोठा मॉप (रक्त टिपायचं कापड) पूर्ण भिजला की त्यात सुमारे ३५० मिली असतं, हे पाहिल्यावर चेहरे बदलतात. गर्भाशयाला मसाज, ते आकसवणारं ऑक्सिटोसिन, रक्तस्राव रोखणारं १ ग्रॅम ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड १० मिनिटांत आणि प्रसूतीनंतर ३ तासांच्या आत, सलाइन, तपासणी, आणि थांबलं नाही तर वरच्या डॉक्टरांना हाक: हे सगळं एका दमात व्हायला हवं. इथे सहा-सात जण एका पुतळ्याभोवती उभे असतात आणि दोघांच्याच हाताला काम असतं. चौघांचा गट करून एकाला मसाज, एकाला औषधं, एकाला घड्याळ नि नोंद आणि एकाला बाईशी बोलण्याचं काम द्यायला हवं. चौथं काम कुणी मोजत नाही, पण टेबलावर शुद्धीत असलेली बाई सगळं ऐकत असते.

गर्भाशयमुखाची व्हीआयए तपासणी, म्हणजे अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून कर्करोगाआधीचे पांढरे डाग नुसत्या डोळ्यांनी शोधणं, ३० ते ६५ वयोगटासाठी आहे आणि इथे तिला पुरेशा बायका मिळतात. ५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून पूर्ण १ मिनिट थांबायचं, मगच बघायचं. घाईत २० सेकंदांतच 'निगेटिव्ह' लिहिलं जातं. द्रावण ५ मिली ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि ९५ मिली डिस्टिल्ड वॉटर असं रोज ताजं करायचं असतं. इथल्या बाटलीवर तारीख नसते. फिकं झालेलं द्रावण खरा डाग दाखवत नाही, त्यामुळे हा दोष किरकोळ धरता येत नाही. पाळी गेलेल्या बाईत दोन पेशीस्तरांची सीमा आत सरकलेली असते. ती दिसत नसेल तर या तपासणीवर विसंबू नये, हे मात्र शिक्षक आवर्जून दाखवतात.

संमतीची पद्धत आदर्श म्हणावी अशी. विद्यार्थ्याने स्वतः विचारायचं, पडदा, सोबत सिस्टर, एका वेळी एकच विद्यार्थी, आणि बाई नाही म्हणाली तर तो विषय संपला. अडचण पुढे येते. बाईने नकार दिला की मुलगे व्हरांड्यात उभे. त्या वेळात त्यांना पुतळ्यावर काम देण्याची सोय कागदावर आहे, पण खोलीची किल्ली कुणाकडे ते सापडत नाही.

बाळंतिणीच्या मानसिक आरोग्यासाठी एडिनबरा प्रश्नावली वापरतात: १० प्रश्न, ० ते ३० गुण. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर उत्तरं खरी येत नाहीत. म्हणून सिस्टर 'चला आजी, बाळाच्या लसीचं कार्ड करून घेऊ' म्हणत त्यांना घेऊन जातात आणि मग प्रश्न सुरू होतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्यापेक्षा काहीही आलं, तर एकूण गुण कितीही कमी असोत, मानसोपचार तज्ज्ञाला त्याच दिवशी दाखवायचं.

आहाराचं टेबल छोटं, पण कामाचं. गरोदरपणातली ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली की लोह नीट शोषलं जात नाही. 'गोळ्या घेते, तरी रक्त वाढत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

कायद्याची बाजू सगळ्यात कच्ची. गर्भपाताच्या कायद्यातली २०२१ची दुरुस्ती, गर्भलिंगनिदानबंदी, पोक्सो आणि लैंगिक अत्याचारानंतरची तपासणी, हे सगळं एका दुपारच्या लेक्चरमध्ये कोंबलंय. २०१४च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमधला फॉर्म मुलांनी प्रत्यक्ष भरायला हवा. नमुने ९६ तासांपर्यंत घेतात, एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं ७२ तासांत सुरू व्हावी लागतात, आणि योनीची दोन बोटांची तपासणी करायचीच नाही, हे इंटर्नशिपच्या पहिल्याच रात्री लागू शकतं. स्लाइडवर पाहिलेलं तेव्हा हाताशी येत नाही.

आणखी एक उणीव: साडेबाराच्या बैठकीत ठरलेलं पुढे झालं का, हे मुलांना कळत नाही. रिंग घातलेली बाई दोन आठवड्यांनी आली का, तिने लोहाच्या गोळ्या घेतल्या का? १५ दिवसांत एका बाईचा फॉलोअप सहज बसतो. लॉगबुकात सह्या भरपूर आहेत, पण त्यासाठी एकही रकाना नाही.

तोडणीच्या हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत, ओपीडी भरलेली असते. जमलं तर टप्पा तेव्हाच घ्यावा. नाव घालण्याआधी बॅच किती जणांची ते विचारा. आठपर्यंत असेल तर नि:शंक जा. बारा-चौदा असतील तर सिस्टरांच्या स्टेशनला दोनदा बसायला मिळेल का ते आधी पक्कं करा, आणि अत्याचार-तपासणीच्या फॉर्मची कोरी प्रत स्वतःहून मागून घ्या.