साताऱ्यातील एक हॉकी प्रशिक्षण वर्ग: आठ महिन्यांचा अनुभव आणि मध्येच बदललेले सर

आमची मुलगी सातवीत शिकते. गेल्या जूनमध्ये आम्ही तिला साताऱ्यातील एका खासगी हॉकी प्रशिक्षण वर्गात घातले आणि ऑक्टोबरमध्ये, एका स्पर्धेतील पराभवानंतर तीनच दिवसांत, त्या वर्गाने आपल्या प्रशिक्षकांना काढून टाकले. संचालकांशी माझे बोलणे अद्याप चालू असल्याने वर्गाचे नाव येथे देत नाही. मुलामुलींना अशा वर्गात घालण्याच्या विचारात असलेल्या पालकांना पैसे भरण्यापूर्वी काय विचारून घ्यावे हे कळावे, एवढ्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

प्रथम व्यवहाराच्या गोष्टी. तीन महिन्यांची फी 3,000 रुपये, प्रवेशशुल्क 500 रुपये वेगळे. आठवड्यातून पाच दिवस, सकाळी सहा ते साडेसात. स्टिक, शिनपॅड आणि माउथगार्ड ज्याचे त्याने आणायचे. चेंडू, कोन आणि गोलकीपरचे साहित्य वर्गाने पुरवायचे, असे माहितीपत्रकात छापलेले होते. मैदान मुरमाचे आहे, समोर अजिंक्यतारा दिसतो, स्वच्छतागृह बरे आहे आणि पिण्याचे पाणी घरून न्यावे लागते. वेळेच्या बाबतीत वर्ग काटेकोर आहे. येथवर तक्रारीला जागा नाही.

जूनमध्ये नेमलेले सर या भागातले नव्हते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून त्यांनी प्रशिक्षणाची पदविका घेतलेली होती आणि त्यांचे बोलणे अगदी मोजके होते. पहिल्या आठवड्यात त्यांनी एकाही मुलाला चेंडू जोरात मारू दिला नाही, यावरून काही पालकांची कुजबुज तेव्हाच सुरू झाली होती. ते मुलांना जोडीने, पाच पावलांच्या अंतरावर समोरासमोर उभे करीत आणि चेंडू नुसता पुश करायला, म्हणजे न मारता ढकलायला, व थांबवायला लावीत. थांबवताना स्टिकचा आवाज आला की तो ट्रॅप, म्हणजे चेंडू थांबवणे, बाद. कुंपणाजवळ उभा राहून मी हे कितीतरी सकाळी पाहिले आहे. चेंडू स्टिकपाशी येतो त्या क्षणी उजव्या हाताची पकड सैल सोडायची आणि स्टिक किंचित मागे घ्यायची, म्हणजे चेंडू उसळत नाही, स्टिकला चिकटल्यासारखा राहतो. सांगायला हे एक वाक्य आहे. मुलीच्या हातात उतरायला त्याला जवळजवळ तीन आठवडे लागले. रात्री जेवणानंतर मी दिवाणखान्यात चेंडू सरकवायचा आणि तिने तो आवाज न करता थांबवायचा, असा आमचा परिपाठ झाला. टीव्ही पाहत बसलेल्या आजीला चेंडूचा पत्ता लागला नाही, तर गुण मुलीचा.

मग पाऊस सुरू झाला. मुरमाच्या मैदानावर पाणी साचले की आठ-आठ दिवस तिथे उभेही राहता येत नाही. माझ्या वहीतील नोंदीप्रमाणे जुलै आणि ऑगस्ट मिळून मैदानावर सतरा दिवस सराव झाला. उरलेले दिवस जवळच्या सभागृहात दोरीच्या उड्या आणि बैठका यांत गेले. याचा दोष कोणाकडेच जात नाही, परंतु ऑक्टोबरमध्ये हिशेब मांडताना हा पाऊस कोणाच्याच लक्षात राहिला नाही, हे मात्र नोंदवले पाहिजे.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूरला, टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, निमंत्रित संघांची स्पर्धा होती. आमच्या संघातील एकाही मुलीने तोपर्यंत टर्फवर पाय ठेवलेला नव्हता. मुरमावर चेंडू अडखळत, उसळत आणि वेग गमावत येतो, त्यामुळे खेळाडूला एक श्वास जास्तीचा मिळतो. टर्फवर सामन्याआधी पाणी मारतात आणि चेंडू पाण्याचे तुषार उडवत सरळ रेषेत सरकतो. पहिल्या पाच मिनिटांतच आमच्या मुलींच्या स्टिकांवर ‘टक टक’ असे आवाज येऊ लागले. ज्या आवाजावर सरांनी चार महिने बंदी घातली होती, तोच. आम्ही 7-0 असे हरलो.

या सात गोलांपैकी चार पेनल्टी कॉर्नरवर (बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीबद्दल समोरच्या संघाला मिळणारी गोलची संधी) झाले, आणि ते कसे झाले हे समजून घेण्यासारखे आहे. पेनल्टी कॉर्नरला बचाव करणाऱ्या संघाचे गोलकीपर धरून पाचच खेळाडू गोलरेषेमागे उभे राहतात. बाकीच्यांना मध्यरेषेपलीकडे जावे लागते. समोरच्या संघाने गोलरेषेवरून चेंडू बाहेर ढकलला की या पाचांतील पहिलीने जीव खाऊन धावायचे आणि फटक्याच्या वाटेत पोचायचे. मुरमावर तो चेंडू डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकापर्यंत जाताना दोनदा उडतो, समोरच्या मुलीला तो आवरायला वेळ लागतो आणि आपली धावणारी मुलगी तिथे वेळेत पोचते. टर्फवर चेंडू गेला, थांबला आणि फटका सुटला, तेव्हा आमची मुलगी अर्ध्या वाटेवर होती. उरलेल्या तीन गोलांपैकी दोन गोलकीपरच्या पायांना लागून झाले. आता मिळणारे फोमचे किकर, म्हणजे गोलकीपरने पावलांवर चढवायची जाड आवरणे, चेंडूला दूर उडवून लावतात. आमच्या गोलकीपरच्या पायात आतला कापूस बाहेर आलेले जुने पॅड होते, त्यांना लागलेला चेंडू जागीच पडत होता आणि समोरची फॉरवर्ड तो आरामात आत ढकलत होती. गोलकीपरचे नवे साहित्य जूनमध्येच येणार होते. ते आणणे सरांचे काम नव्हते.

सरांच्याही चुका होत्या, आणि त्या झाकून हे लिखाण पुरे होणार नाही. पेनल्टी कॉर्नरच्या बचावाचा सराव त्यांनी माझ्या आठवणीप्रमाणे तीनदाच घेतला. हॉकीत खेळ चालू असतानाही कितीही वेळा खेळाडू बदलता येतात. तरीदेखील त्यांनी चार दमलेल्या मुलींना शेवटपर्यंत मैदानावर ठेवले आणि बाकावरच्या तिघींना शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत उतरवले नाही. त्या तिघींत आमची एक होती, त्यामुळे माझे हे मत तेवढ्या सावधपणे वाचावे. शिवाय पालकांशी ते बोलतच नसत. आपण काय शिकवत आहोत आणि टर्फवर काय होणार आहे, हे त्यांनी आधी एकदा बसून सांगितले असते, तर पुढचे बरेचसे टळले असते असे मला वाटते.

परत येताना पेठ नाक्याजवळ बस चहाला थांबली. ‘सर बदलायला हवेत’ हे वाक्य तेथे प्रथम उच्चारले गेले. हातात चहाचा कप घेऊन मीही मान हलवली. त्या वेळी मला राग आला होता, मुलगी खिडकीला डोके टेकून गप्प बसली होती, आणि समोर दिसणारा एकमेव जबाबदार माणूस चालकाशेजारी चेंडूंची पिशवी मांडीवर घेऊन बसलेला होता.

तिसऱ्या दिवशी रात्री पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर दोन ओळींचा संदेश आला. संघाची कामगिरी अपेक्षेप्रमाणे न झाल्याने विद्यमान प्रशिक्षकांची सेवा थांबवण्यात आली आहे. सोमवारपासून नवे प्रशिक्षक रुजू होतील. खाली अकरा अंगठे. मुलांना सांगायचे कोणी आणि कसे, याचा विचार कोणीच केलेला नव्हता. सोमवारी सकाळी मैदानावर गेल्यावरच त्यांतल्या निम्म्या मुलांना कळले.

प्रशिक्षक बदलणे ही आपल्या हॉकीतील जुनी रीत आहे, हे खरे. 2011 मध्ये मायकेल नॉब्स आले तेव्हापासून जानेवारी 2019 मध्ये हरेंद्र सिंग यांना दूर करण्यात आले तोपर्यंत, म्हणजे सुमारे आठ वर्षांत, भारतीय पुरुष संघाने सहा मुख्य प्रशिक्षक पाहिले. 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत संघ चौथा आला आणि शोर्ड मारिन यांची महिला संघाकडे परत रवानगी झाली; त्याच मारिन यांच्या हाताखाली महिला संघ टोकियोत प्रथमच ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोचला. त्याच टोकियोत ग्रॅहम रीड यांच्या पुरुष संघाला ऑस्ट्रेलियाने गटसामन्यात 7-1 असे लोळवले होते. त्या रात्री कोणी रीड यांची सेवा थांबवली नाही, आणि 5 ऑगस्ट 2021 रोजी जर्मनीला 5-4 असे हरवून भारताने 41 वर्षांनी हॉकीतील ऑलिंपिक पदक मिळवले. याच्या उलट बाजूही आहे. 2023 च्या विश्वचषकातील अपयशानंतर रीड यांनी राजीनामा दिला, क्रेग फुल्टन आले, आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण व पुढच्या वर्षी पॅरिसला कांस्य मिळाले. तेव्हा प्रशिक्षक बदलून काहीच साधत नाही, असे मी म्हणणार नाही.

परंतु राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला वर्षभराची शिबिरे, टर्फ, सहायक प्रशिक्षक आणि देशभरातून निवडलेले खेळाडू मिळतात, आणि निकाल आणणे हेच त्याचे काम असते. आमच्या सरांना मिळाली होती पावसाने खाल्लेली चार महिन्यांची मुदत, एक मुरमाचे मैदान, फाटके पॅड आणि बाराव्या-तेराव्या वर्षीची मुले. पालक म्हणून आम्ही तिमाहीला 3,000 रुपये भरले ते मुलांना खेळ यावा म्हणून. ऑक्टोबरमधील एका सामन्याचा निकाल ही त्या शिकवण्याची परीक्षा म्हणून वर्गाने परस्पर ठरवली, आणि आम्ही चहाच्या टपरीवर त्याला संमती दिली.

नव्या सरांविषयी थोडेच लिहितो, कारण त्यांचा यात काही दोष नाही. ते तरुण आहेत, उत्साही आहेत आणि मूळचे धावण्याचे प्रशिक्षक आहेत. आठवड्यातून दोनदा मुलांना अजिंक्यताऱ्यावर पळवत नेतात. मुलांचा दम वाढला आहे, हे उघड दिसते. डिसेंबरमध्ये एका शाळेच्या संघाशी झालेला मैत्रीचा सामना आम्ही 2-1 असा जिंकला आणि गटावर पुन्हा अंगठे उमटले. तो सामना आपल्याच मुरमावर होता. मात्र चेंडू थांबवण्याचा तो सराव पूर्ण बंद झाला आहे. जानेवारीत एका सकाळी मी कुंपणाशी उभा होतो आणि दीड तासांत मुलीच्या स्टिकला चेंडू किती वेळा लागला ते मोजले. एकतीस वेळा. जुन्या सरांच्या जोड्यांच्या सरावात तेवढे पहिल्या पाच-सात मिनिटांत होत असे.

संचालकांना मी दोनदा भेटलो. माणूस सज्जन आहे, चहा पाजतो, ऐकून घेतो. पालकांना निकाल हवा असतो आणि निकाल नसेल तर पुढच्या तिमाहीला मुले गळतात, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे, कारण ऑक्टोबरनंतर सर राहिले असते तर काही पालकांनी मुले काढली असती. बोलताना ते आसूच्या वैष्णवी फाळके आणि वाखरीच्या अक्षता ढेकळे यांचे उदाहरण देतात. फलटण तालुक्यातील या दोघी भारतीय महिला संघापर्यंत पोचल्या, याचा जिल्ह्यात कोणाला अभिमान नाही? पण तिथवर पोचायला किती वर्षे एकच गोष्ट रोज गिरवावी लागली असेल, याचा उल्लेख त्यांच्या बोलण्यात येत नाही. दर तिमाहीला सर बदलले, तर प्रत्येक नवा सर मुलीची पकड पहिल्यापासून दुरुस्त करायला घेणार आणि ती कोणतीच पकड पुरती शिकणार नाही.

मी त्यांना तीन गोष्टी लेखी मागितल्या: प्रशिक्षकाची नेमणूक निदान एका पूर्ण हंगामासाठी असावी, टर्फवरील स्पर्धेपूर्वी किमान दोन सराव टर्फवर व्हावेत, आणि प्रशिक्षक बदलायचा झाल्यास आधी पालकांची बैठक घेऊन मुलांनाही सांगितले जावे. टर्फच्या भाड्याचे पाहू, असे उत्तर आले. पहिल्या आणि तिसऱ्या मागणीवर उत्तर नाही. उरलेल्या महिन्यांची फी परत मागितली असता पावतीच्या मागची बारीक अक्षरातील ओळ दाखवण्यात आली. ती आपण जूनमध्ये वाचली नव्हती, हा माझा दोष. गोलकीपरचे नवे किकर आणि पॅड दिवाळीनंतर आले. चांगले आहेत.

मैदान, वेळ आणि शिस्त यांसाठी मी या वर्गाला पाचपैकी अडीच गुण देईन. लहान मुलांना सकाळी मोकळ्या हवेत पळायला पाठवायचे असेल, तर या फीत वर्ग महाग नाही. हॉकी शिकवायची असेल, तर प्रवेश घेण्याआधी सध्याचे प्रशिक्षक किती महिन्यांपासून आहेत, त्यांच्या आधीचे का गेले आणि माहितीपत्रकातले साहित्य प्रत्यक्ष खोलीत आहे का, हे स्वतः जाऊन पाहावे. संचालक खोली उघडून दाखवतात.

जुने सर आता कराडला एका शाळेत शिकवतात. संघातील दोन मुली रविवारी सकाळच्या एसटीने त्यांच्याकडे जाऊ लागल्या आहेत. आमची तिसरी असेल की नाही, ते वार्षिक परीक्षा झाल्यावर ठरेल.