सिझेरियनच्या बिलातले पीपीई किट मोजून घ्या

२०२०-२१ मध्ये पुण्यात बाळंतपण, अपेंडिक्स, हर्निया अशा कारणांसाठी खासगी रुग्णालयात गेलेल्या अनेकांच्या बिलात एक ओळ होती: ‘कोविड चार्जेस’. पुढे थेट पाच आकडी रक्कम. किती पीपीई किट (डॉक्टर-सिस्टरचे संरक्षक पोशाख), कोणत्या तारखेला, कोणासाठी, याचा पत्ता नाही. पेशंट निगेटिव्ह, ऑपरेशन नेहमीचंच, तरी फोनवर सांगितलेलं पॅकेज आणि हातात पडलेलं बिल यांचा मेळ नाही.

आधी रुग्णालयाची बाजू. खर्च खरोखर वाढला होता. सिझेरियनला सर्जन, असिस्टंट, भूलतज्ज्ञ, दोन सिस्टर, बाळाचे डॉक्टर आणि वॉर्डबॉय अशी सात माणसं धरा, म्हणजे सात किट. एक केस झाल्यावर ओटी (ऑपरेशन थिएटर) स्वच्छ करून हवा बदलेपर्यंत थांबायचं, त्यामुळे दिवसाला होणाऱ्या केसेस कमी आणि पगार तेवढेच. सात किटांचे पैसे मागितले तर भांडायचं कारण नाही. भांडण आठव्या किटापासून सुरू होतं.

फसवणूक होते ती गुणाकारात. वॉर्डात एका पाळीला एक सिस्टर, एक मावशी, एक डॉक्टर, म्हणजे तीन किट. दिवसाच्या तीन पाळ्या, मुक्काम चार दिवस: छत्तीस किट. पण तीच सिस्टर तोच किट घालून आठ खाटांची फेरी मारते. प्रत्येक खाटेच्या बिलात छत्तीस किट लागले, तर कागदावर २८८ होतात आणि प्रत्यक्षात वापरलेले असतात ३६. या हिशेबाला फूटपट्टीही होती. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस राज्य सरकारने कोविड रुग्णाच्या बिलातच पीपीईची मर्यादा घातली: साध्या वॉर्डात दिवसाला ६००, आयसीयूत १,२०० रुपये. पॉझिटिव्ह माणसाला चार दिवसांचे २,४०० लागत असतील, तर निगेटिव्ह बाळंतिणीला वॉर्डातल्या किटांचे दहा-वीस हजार कसे लागतात, एवढा एकच प्रश्न काउंटरवर विचारायचा होता. पण नातेवाइकांना आत सोडत नसत, किट मोजणार कोण?

दुसरी मेख टेस्टची. ‘रिपोर्ट नाही तर ॲडमिशन नाही’ हे वाक्य कळा सुरू झालेल्या बाईच्या घरच्यांना ऐकवलं गेलं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) १८ मे २०२० च्या सूचनेत स्पष्ट होतं की टेस्ट झाली नाही म्हणून प्रसूतीसह कोणतीही तातडीची प्रक्रिया लांबवू नये. नमुना पाठवा, पण काम थांबवू नका. दरही सरकार उतरवत होतं. मार्च २०२१ च्या अखेरीस घरी येऊन नमुना नेला तरी आरटी-पीसीआरचे ८०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नव्हते. बिलात जुना दर तसाच राहिला असेल, तर ती चूक म्हणायची की सोय, हे ज्याने त्याने ठरवावं. जानेवारी २०२२ मध्ये तर लक्षणं नसलेल्या गर्भवतींची किंवा ऑपरेशनच्या पेशंटची सरसकट टेस्ट करू नका, असंच सांगण्यात आलं.

टेस्टपेक्षा महाग पडली ती रिपोर्टची वाट. रिपोर्ट येईपर्यंत ‘आयसोलेशन’ म्हणून सिंगल रूम दिली जाई. भाड्यातला फरक दोन-तीन हजारांचा वाटतो, पण बऱ्याच रुग्णालयांत सर्जनची फी, भूल, ओटी, व्हिजिट हे सगळं रूमच्या वर्गाला बांधलेलं असतं. एक रात्र सिंगलमध्ये काढली की ऑपरेशनही सिंगलच्या दराने. वर पॉलिसीत रूमभाड्याची मर्यादा असेल तर विमा कंपनी त्याच प्रमाणात बाकीच्या रकमाही कापते. आपण मागितली नसेल, तर ‘रूम रुग्णालयाच्या नियमामुळे, दर जनरलचे’ असं ॲडमिशनच्या कागदावर लिहून घ्यायचं. तोंडी आश्वासन रात्रपाळीबरोबर घरी जातं.

मे २०२० च्या सरकारी आदेशाने खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर बांधले होते. उरलेल्या २० टक्क्यांवर त्यांचे स्वतःचे दर. मग ज्याला त्याला ‘तुमची खाट वीस टक्क्यांतली’ हे उत्तर मिळू लागलं. खाट कोणत्या भागातली, हे बिलाच्या दिवशी नव्हे तर दाखल होतानाच लेखी विचारायला हवं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज टाळेबंदीत मोडला. साताऱ्या-सोलापूरला निघालेल्या मुली पुण्यातच अडकल्या, सरकारी ससून रुग्णालयावर कोविडचा भार, आणि आठव्या महिन्यात नवीन ठिकाणी नाव घालायची वेळ आली. अशा वेळी कोणी दर विचारत बसत नाही, हे समोरच्यालाही ठाऊक असतं.

साथ गेली, ओळ राहिली. आता तिचं नाव ‘इन्फेक्शन कंट्रोल’, ‘हायजीन’ किंवा नुसतं ‘कन्झ्युमेबल्स’. म्हणून नाव घालतानाच पॅकेजमध्ये काय नाही ते लिहून घ्या: बाळाचे डॉक्टर, बाळाचं वेगळं बिल, भूल, औषधं, हातमोजे-गाऊन, जास्तीच्या दिवसाचा दर. दाखल झाल्यावर रोज संध्याकाळी चालू बिलाची प्रिंट मागा. चौथ्या दिवशी चाळीस ओळी तपासता येत नाहीत, रोज दहा येतात. औषधाच्या दुकानातून ओटीसाठी मागवलेल्या सामानाची यादी जपा आणि उरलेलं परत केल्याची पावती घ्या. वीस जोड हातमोजे गेले, परत शून्य आले, असं सर्रास दिसतं. कमरेतून भूल दिलेल्या सिझेरियनच्या बिलात श्वासाच्या नळीचा फिल्टर लावला असेल, तर तो कुठे वापरला ते विचारा. त्या भुलेत बाई स्वतःच श्वास घेत असते. डिपॉझिट रोख दिलं तर पावतीशिवाय काउंटर सोडू नका.

बिलावर वाद असला तरी पेशंटला अडवून ठेवता येत नाही. तपशीलवार बिल मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे, तो राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सनदेतही आहे. पैसे भरावेच लागले तर ‘हरकत राखून’ असं लिहून सही करा. तक्रार आधी रुग्णालयाकडे लेखी, मग महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. शहरातल्या नर्सिंग होमची नोंदणी तिथेच होते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे मोबदला, म्हणजे रुग्णालयाला दिलेली रक्कम, पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. २०२१ च्या बिलांची मुदत सरून गेली. गेल्या वर्षीच्या बाळंतपणाची अजून आहे.