आयबीएम मॅक्झिमो: ‘लोकेशन्स’ नीट बसवली तर सोनं
मॅक्झिमो या यंत्रांच्या देखभालीच्या सॉफ्टवेअरमध्ये जागा (लोकेशन) आणि यंत्र यांच्या नोंदी वेगळ्या राहतात, हे त्याचं खरं बळ. ‘बॉयलर हाऊस, फीड पंप २’ ही जागा कायम. पंप निकामी झाला की नवा तिथे ‘मूव्ह’ करायचा. जुन्याचा इतिहास त्याच्यासोबत जातो, जागेवर झालेली कामं जागेच्या नावावर राहतात. शिवाय एकच जागा वीज, पाणी अशा अनेक सिस्टिममध्ये जोडता येते. फारच उपयोगी!

मांडणी मात्र क्रमानेच करा: आधी सिस्टिम, मग सर्वांत वरची जागा (जिच्यात बाकीच्या जागा मोडतात ती), मग खालच्या. वरची जागा न जोडता एक्सेलमधून थेट जागांचे कोड भरले, तर त्या जागा ड्रिलडाऊनमध्ये (वरून खाली जागा उघडत जाणाऱ्या यादीत) दिसतच नाहीत. कोडात विभागाचं नाव घालू नका. विभाग बदलतात, सेव्ह केलेला कोड बदलत नाही. वर्णन केव्हाही बदलता येतं.