एसीएलच्या ऑपरेशननंतर परत खेळायचं असेल तर

नीट चालता आलं, जिना चढता आला की झालं, एवढीच गरज असेल तर घराजवळचा कुठलाही चांगला फिजिओ चालेल. पण ज्यांना परत मैदानात उतरायचंय, त्यांनी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये एकदा तरी यावंच.

मी खो-खो खेळते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, राहायला पंचवटीत. संरक्षणात हुलकावणी देताना उजवा पाय रोवला, अंग वळलं आणि गुडघा होता तिथेच राहिला. आतून ‘कट्’ असा आवाज आला. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघा जागेवर धरून ठेवणारं आतलं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं निघालं. सूज उतरून पाय सरळ व्हायला लागल्यावर, डिसेंबर २०२४ मध्ये ऑपरेशन झालं. मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगमधून ग्राफ्ट, म्हणजे जोडायचा तुकडा, घेऊन नवं लिगामेंट बसवलं.

सुरुवातीला दुसरीकडे जात होते. तिथे शेक, करंट, दोन-चार व्यायाम आणि घरी. माणसं चांगली होती, पण मी काय खेळते हे कुणी विचारलंच नाही. इथल्या फिजिओ मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, “खो-खोत तू बसतेस कशी, उठतेस कशी?” मी मोबाइलमधला आमच्या मॅचचा व्हिडिओ दाखवला. खो मिळाल्यावर उकिडव्या बैठकीतून जी झेप घेतो, ती त्यांनी थांबवून थांबवून पाहिली आणि माझ्या फाइलमध्ये लिहून ठेवली. पुढच्या सगळ्या महिन्यांचा व्यायाम त्या झेपेकडे नेणारा होता. शेवटी शेवटी तर मला हॉलमध्ये उकिडवं बसवून मागून त्या स्वतः ‘खो’ द्यायच्या.

पहिले आठवडे मात्र फार कंटाळवाणे असतात. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, आणि गुडघा खाली दाबायचा. मॅडम गुडघ्याखाली बोटं घालून बघायच्या. बोटं सहज सरकली म्हणजे पाय अजून पुरता सरळ नाही. तो झाल्याशिवाय पुढचं काही नाही. मांडी आवळ म्हटलं तरी आवळायचीच नाही. सूज आली की मेंदूच तो स्नायू बंद करून ठेवतो, हे मला इथे कळलं. वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर पेनाने खूण करून त्या दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजायच्या. उजवी मांडी केवढी उतरली होती, ते आकड्यात बघून पोटात गोळा आला होता.

त्याच दिवसांत, १९ जानेवारी २०२५ ला, दिल्लीत आपल्या मुलींनी पहिला खो-खो वर्ल्ड कप जिंकला. कॅप्टन आपल्या महाराष्ट्राची, प्रियंका इंगळे. फायनल बघून दुसऱ्या दिवशी मी इथे हट्टच धरला, मला खेळायची तारीख सांगा. त्यांनी तारीख दिली नाही, कागदावर गुडघा काढून ग्राफ्ट समजावला. बसवलेला तुकडा लगेच लिगामेंट होत नाही. शरीर तो हळूहळू आतून नव्याने घडवतं, आणि त्यात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या आसपास तो कच्चा असतो. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं आणि आपल्याला वाटतं, झालो बरे. ज्या मुलामुलींचं ऑपरेशन नुकतंच झालंय, त्यांनी ही एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा.

ऑगस्टमध्ये आमची निवड चाचणी होती. सरांना फिट असल्याचं पत्र हवं होतं, बाबाही म्हणत होते की पोरगी पळतेय तर द्या ना. मॅडमनी फरशीवर टेप लावून एका पायावर उड्या मारायला लावल्या. उजव्या पायाची उडी डाव्याच्या ८४ टक्के भरली. शिवाय आरशासमोर पायरीवरून उतरताना गुडघा अजून आत झुकत होता. “नव्वदच्या खाली आणि नऊ महिन्यांच्या आत मी सही करणार नाही,” एवढंच म्हणाल्या. मग बाबांना बसवून सांगितलं, की पंचविशीच्या आतले खेळाडू परत खेळायला लागले की साधारण चार-पाचांत एकाचं एसीएल पुन्हा तुटतं, त्याच नाहीतर दुसऱ्या गुडघ्यातलं. त्या रात्री मी खूप रडले. माझे पाच तारे त्या न केलेल्या सहीसाठी आहेत.

ऑक्टोबरमध्ये दोन्ही कसोट्या पार पडल्या तेव्हा पत्र मिळालं. सोबत आमच्या सरांसाठी वॉर्मअपचा तक्ताही दिला, फुटबॉलवाले करतात त्या फिफा ११+ वरून खो-खोसाठी बदललेला. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, म्हणून आता आमची अख्खी टीम तो करते.

आता अडचणी. क्लिनिक पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि जिना अरुंद. कुबड्या घेऊन चढताना बाबा एक पायरी मागे उभे राहायचे. गुडघ्याचे पेशंट येतात तिथे हे असं असायलाच नको. लेग प्रेस, म्हणजे पायांनी वजन ढकलायचं मशीन, एकच आहे, त्यामुळे संध्याकाळी सहानंतर गेलात तर अर्धा तास बसावं लागतं. जमलं तर सकाळी जा. गाडी लावायलाही जागा शोधावी लागते. एका वेळचे ५०० रुपये घेतात. जास्त वाटतील, पण चौथ्या महिन्यापासून मॅडमनी स्वतःच आठवड्यातून एकदाच ये म्हणून सांगितलं. बाकी व्यायाम घरी, व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवायचा. उगाच फेऱ्या मारायला लावल्या नाहीत.

पहिल्यांदा जाताना नुसती एमआरआयची फाइल नेऊ नका, ऑपरेशनची नोंदही न्या. ग्राफ्ट कुठून घेतला आणि मेनिस्कसला, म्हणजे गुडघ्यातल्या गादीला, टाके घातलेत का, हे त्यात असतं. टाके असतील तर गुडघा किती आणि कधी वाकवायचा याचं सगळं वेळापत्रक बदलतं, आणि ती नोंद बघितल्याशिवाय मॅडम व्यायाम ठरवत नाहीत.