विणकामाच्या गटातल्या रहस्यकथा: नऊ महिने वाचल्यावर

गेले नऊ महिने मी जवळजवळ एकाच जातीच्या कादंबऱ्या वाचतेय. दर आठवड्याला विणायला किंवा क्रोशाला जमणारा एक गट, त्यांच्या ओळखीतलंच कुणीतरी मारलं जातं आणि पोलिसांच्या आधी ही मंडळी गुंता सोडवतात. रक्त, मारझोड सगळं पडद्याआड. इंग्रजीत याला कोझी मिस्ट्री म्हणतात. अकरा पुस्तकं झाली, त्यातली चार मी दुसऱ्यांदा वाचली, आणि त्या दुसऱ्या वाचनामुळेच हे लिहायला बसले.

पहिल्यांदा वाचताना मला सुया धरता येत नव्हत्या. पुस्तकं वाचूनच हात शिवशिवायला लागले, लोकर आणली, शिकले. चौथ्या महिन्यात पहिली कादंबरी पुन्हा हातात घेतली तर ती वेगळीच निघाली. तिच्यात एक शाल आहे, मेलेल्या बाईने विणलेली. मधल्या पट्ट्यातले टाके पिळलेले आहेत असं एक वाक्य येतं. आधी मी ते नुसतं वर्णन म्हणून ओलांडलं होतं. आता तिथेच थांबले. सुईवरच्या प्रत्येक टाक्याला दोन पाय असतात, म्हणजे दोऱ्याची एक बाजू सुईच्या पुढे आणि एक मागे. सुलट टाका घेताना सुई पुढच्या पायातून घातली तर तो मोकळा बसतो, मागच्या पायातून घातली तर पिळतो. ज्याला जी सवय लागली, त्याच्या हातून तसाच टाका पडत राहतो, अगदी हस्ताक्षरासारखा. म्हणजे तो पट्टा दुसऱ्याच कुणाच्या हातचा होता, आणि लेखिकेने ते पहिल्या काही प्रकरणांतच उघड सांगून ठेवलं होतं! रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकाराने 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुप्तहेराला सापडलेला धागादोरा वाचकालाही लगेच दिसला पाहिजे, हा त्यातला एक. ही कादंबरी तो नियम विणकामातून पाळते.

तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे. गोष्टीतून विणकाम काढून तिथे बागकाम घातलं, तरी खुनी तसाच सापडतो का? सापडत असेल तर लोकर नुसती मुखपृष्ठापुरती. अकरापैकी सात पुस्तकं इथे नापास झाली. त्यांत सुया खून करायलाच काय त्या वापरल्या आहेत.

या सगळ्याची आजी म्हणजे अगाथा ख्रिस्तीच्या कथांतली, रहस्यं उलगडणारी म्हातारी मिस मार्पल. डिसेंबर 1927 मध्ये छापून आलेल्या पहिल्या कथेतच ती पांढरंशुभ्र, मऊ काहीतरी विणत बसलेली आहे. भोवती पाच जण: तिचा लेखक भाचा, एक चित्रकार, एक पाद्री, एक वकील आणि स्कॉटलंड यार्डचा निवृत्त प्रमुख. दर मंगळवारी एकाने रहस्य सांगायचं, बाकीच्यांनी सोडवायचं. विणणाऱ्या म्हातारीला कुणी हिशेबातच धरत नाही, म्हणून तिला सगळं दिसतं. आजच्या कादंबऱ्यांतला गट मला याच मंगळवारच्या बैठकीचा वंशज वाटतो, फक्त आता सगळ्यांच्याच हातात सुया आहेत.

शेवटच्या पानांवर बहुधा एखादा नमुना दिलेला असतो. मी तीन करून पाहिले. दोन छान झाले. तिसरा, क्रोशाचा बटवा, दुपटीहून उंच झाला आणि सगळा उसवावा लागला. कारण नंतर कळलं: आपला मुका खांब, म्हणजे क्रोशाचा बुटका टाका, अमेरिकन नमुन्यात सिंगल क्रोशे असतो आणि ब्रिटिश नमुन्यात तोच डबल क्रोशे. अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे आपला उंच, पूर्ण खांब, आणि मी तोच घातला होता. पुस्तकात कुठली पद्धत वापरलीय ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेव्हा सुरुवातीला 10 सेंटिमीटरचा चौकोन करून बघाच. ई-बुकमध्ये तर नमुन्याचा तक्ता इतका बारीक येतो की घरं मोजता येत नाहीत, म्हणून नमुना करायचा असेल तर छापील प्रतच घ्या. ऑडिओबुक विणताना ऐकायला फार छान, पण साधी सुलट-उलट वीण असेल तरच. जाळीची वीण घेतली की एकतर टाका सुटतो नाहीतर साक्षीदाराची जबानी.

खरी तक्रार वेगळी आहे. बऱ्याच पुस्तकांत मेलेल्या माणसासाठी कुणी रडतच नाही. तो आधीच सगळ्यांचा नावडता करून ठेवलेला असतो, म्हणजे वाचकाला त्रास नको. मालिका लांबली की हे फार खुपतं. सातव्या भागात गटातली एक खुर्ची रिकामी होते आणि पुढच्याच पानावर संशयितांची यादी सुरू.

सगळ्यात आवडलेल्या पुस्तकात असं होत नाही. तिथे मेलेल्या मैत्रिणीचा अर्धवट स्वेटर सुईवर तसाच राहिलेला असतो. खुनी सापडल्यावर गट तो पूर्ण करायला घेतो, पण तिची वीण घट्ट आणि यांची सैल, त्यामुळे जोड दिसतो. बारीक सुई घेऊन तो लपवता आला असता. त्या बायका ठरवून तो तसाच ठेवतात. ते प्रकरण मी चारदा वाचलंय.