लिलाव तोंडावर: पुन्हा दिवाळखोरी, कर्जाची फेररचना की घर विकणं?

अमेरिकेत घराचे हप्ते थकलेत, लिलावाची तारीख पडलीय आणि चॅप्टर १३चा, म्हणजे हप्त्यांत देणी फेडायच्या दिवाळखोरीचा, आधीचा अर्ज काही महिन्यांपूर्वीच रद्द झालाय. अशा वेळी ‘पुन्हा अर्ज टाक, लिलाव थांबतो’ असं सांगणारे भेटतातच. ते अर्धंच खरं आहे.

पहिल्या अर्जाला मिळते तशी लिलावावरची स्थगिती दुसऱ्याला मिळत नाही. २००५च्या कायद्यानंतर, मागच्या वर्षभरात एक अर्ज रद्द झाला असेल तर ती साधारण ३० दिवसांपुरतीच. वाढवून हवी तर त्याच मुदतीत सुनावणी होऊन तुमचा हेतू प्रामाणिक असल्याचं न्यायाधीशांना पटावं लागतं. वर्षभरात दोन रद्द झाले असतील तर तिसऱ्याने लिलाव आपोआप थांबतच नाही. नुसता वेळकाढूपणा कोर्टाला दिसला, तर स्थगिती नाकारणारा आदेश त्या घरालाच चिकटू शकतो. मग दोन वर्षं अर्ज नवऱ्याने करा की बायकोने, सहसा उपयोग नाही. घराचा छोटा हिस्सा तिऱ्हाइताच्या नावे करून त्याच्या दिवाळखोरीआड लपवू पाहणारे दलालही आहेत. त्यांच्या वाटेला जाऊच नका.

पण नोकरी गेली म्हणून पहिला अर्ज बुडाला आणि आता नोकरी लागली असेल, तर मी दुसऱ्या अर्जालाच कौल देईन. २४,००० डॉलरची थकबाकी पाच वर्षांत फेडायची म्हणजे महिना ४०० डॉलर, शिवाय चालू हप्ता आणि ट्रस्टीचं (हप्ते गोळा करून सावकारांना वाटणाऱ्याचं) कमिशन. पगारातून एवढं निघत नसेल तर अर्ज करून महिनाभरच मिळेल. चॅप्टर ७ने, म्हणजे मालमत्ता विकून देणी मिटवायच्या दिवाळखोरीने, थकबाकी हप्त्यांत फेडता येत नाही, त्यामुळे घर वाचवायला तो तोकडाच.

फेररचनेत, म्हणजे लोन मॉडिफिकेशनमध्ये, हप्ताच कमी होऊ शकतो. राहत्या घराच्या मुख्य कर्जाच्या अटी चॅप्टर १३मध्ये सहसा बदलत नाहीत. अडचण वेळेची आहे. मोठ्या कर्जसंस्थांना लिलाव थांबवायला लावायचा तर पूर्ण अर्ज लिलावाच्या ३७ दिवसांहून आधी पोचावा लागतो. टेक्सासमध्ये मात्र लिलावाची नोटीस २१ दिवस आधी दिली तरी चालते. तिची वाट पाहिलीत तर मुदत हुकलेली असेल.

घराची किंमत कर्जापेक्षा बरीच जास्त आणि उत्पन्न अजून डळमळीत असेल, तर स्वतः विका. लिलावात बाजारभाव क्वचितच मिळतो. चॅप्टर १३ चालू असताना विकायचं तर कोर्टाची परवानगी लागते. ती मिळायला वेळ जातो, म्हणून गिऱ्हाईक शोधायच्या आधीच वकिलाशी बोलून ठेवा.